हात न लावता केलेले प्रयोग

गिल्दास कोरोलेरला लहान मुलांच्या हातांची किळस यायची. आणि हा माणूस पेशाने कोण, तर प्राथमिक शाळेतला मास्तर! फ्रान्समधल्या ब्रेतान्यच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात त्याने अर्धं आयुष्य हेच केलं, तेही उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी मिळते म्हणून. चिकट बोटं, शाईची बोटं, नाकातून थेट वहीवर उतरणारी बोटं. पोर जवळ आलं की हा मागे सरकायचा. गाडीत वाळूचा कण दिसला तर घरी बायकोशी अबोला धरायचा, असला नग.

त्यात वरून हुकूम आला, की विज्ञान मुलांनी स्वतःच्या हातांनी करून शिकायचं. आधी अंदाज बांधायचा, मग करून बघायचं, चुकलं तर का चुकलं ते शोधायचं. आम्हाला वाटलं, आता हा कपाळाला हात लावणार. पण स्वारी खूश! कारण या नव्या विज्ञानासाठी जिल्ह्याला एक सल्लागार हवा होता. शाळाशाळांतून फिरायचं, बाकीच्या मास्तरांना अक्कल शिकवायची, आणि पोरांचं नाक पुन्हा कधी पुसायचं नाही. त्या जागेसाठी त्याचा जीव टांगणीला लागला. निवड होती तपासनीस मादाम दुफ्रेन यांच्या हातात, आणि त्या वर्गावर येऊन धडा बघणार होत्या.

मग गिल्दासने धडा बसवला. हो, बसवलाच, नाताळचं नाटक बसवतात तसा. टेबलावर पाण्याची परात, शेजारी बटाटा, बूच, चमचा, लाकडाचा ठोकळा. कोण काय म्हणणार ते ठरलेलं. वस्तू पाण्यात सोडणार तो स्वतः, कारण पोरं पाणी सांडतात. पोरांनी हात मागे बांधायचे, आणि वस्तू तरंगली की एकदम म्हणायचं, "ओऽऽ!" हा ओ नीट जमेपर्यंत त्याने त्यांना मधली सुट्टीसुद्धा दिली नाही.

चुकीचा अंदाज सांगायलाही कुणीतरी हवं होतं. ते काम एनोराला मिळालं. सात वर्षांची पोरगी, सारखे प्रश्न विचारून त्याचं डोकं खाणारी. "तू फक्त चुकायचं," त्याने बजावलं. "कळलं? तुला काही येता कामा नये."

मादाम दुफ्रेन आल्या, मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या. धडा लोण्यातून सुरी जावी तसा चालला. बटाटा बुडाला, बूच तरंगलं, ओ झाला. गिल्दासच्या चेहऱ्यावरचं ते तृप्त हसू बघवत नव्हतं. तेवढ्यात बाई उठल्या आणि पिशवीतून एक संत्रं काढून एनोरासमोर धरलं.

"काय वाटतं गं तुला? बुडेल की तरंगेल?"

एनोराने सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

"बुडेल. म्हणजे तरंगेल."

"दोन्ही कसं?"

"मी म्हणते ते चुकीचं असतं, मादाम. ते माझं काम आहे."

"अस्सं! मग टाकून बघ बरं."

पोरीने हात मागे आणखी घट्ट धरले. "हात नाही लावायचा. आम्ही सांडतो."

"हॅ हॅ, मुलं काय वाट्टेल ते बोलतात," म्हणत गिल्दास पुढे झाला, बाईंच्या हातातलं संत्रं जवळजवळ हिसकावलं आणि पाण्यात सोडलं. ते तरंगलं.

"ओऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मादाम दुफ्रेन हसल्या नाहीत. त्यांनी संत्रं उचललं, सावकाश सोललं आणि एनोराच्या हातात ठेवलं. "आता?"

हे कुणी शिकवलंच नव्हतं. एनोराने संत्रं उलटसुलट करून पाहिलं. मग तिने बाही वर न करताच हात परातीत घातला आणि सोडून दिलं. संत्रं तळाला गेलं. तिने ते बाहेर काढलं, परत सोडलं. परत बुडालं. मग टेबलावरचं साल उचलून पाण्यात टाकलं, ते तरंगलं, आणि ती ओरडली, "अरे, सालीमुळे! इकडे या ना, बघा!" झालं, पोरं बाकांवरून धावली, कोपरं परातीत, पाणी टेबलावरून खाली.

"पुरे!" गिल्दास किंचाळला. "बसा जागेवर! फरशीचा सत्यानाश केलात!"

एवढं बोलल्यावर त्याला आठवलं, की मादाम दुफ्रेन अजून वर्गातच आहेत. त्यांनी लेखणीला टोपण लावलं आणि त्या स्वतःच फडकं आणायला गेल्या.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. गिल्दास अजून आमच्याच शाळेत आहे आणि भेटेल त्याला पकडून रडगाणं गातो, की एका पोरीने त्याचा घात केला. "सगळ्यात सोपं काम दिलं होतं हो तिला," तो म्हणतो. "तेवढंही धड जमलं नाही."