या आठवड्यात काय कापलं?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटीनं असोद्याला घरी येते. पाय धुवायच्या आत मैत्रिणी ओट्यावर हजर. ‘कशी आहेस’ असं कुणी विचारत नाही. विचारतात, “काय गं, या आठवड्यात काय कापलं?”

कारण आमच्या शाळेत दर आठवड्याला काहीतरी कापलं जातं, आणि कापलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागी एक किस्सा उगवतो. दुष्काळात सरकारनं अनुदानाला कात्री लावली. पुढे पाऊस झाला, नाले वाहिले, कपाशी छातीला लागली. कात्री मात्र मुक्कामालाच राहिली.

शाळा पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात. मी तिथली सायन्सची बाई. बी.एस्सी., बी.एड., वय चोवीस, आणि नोकरी आठवी ‘ब’च्या जिवावर. आठवी ‘ब’ म्हणजे मुलींची तुकडी. परिपत्रक आलेलं आहे : तपासणीच्या दिवशी तुकडीत तीस विद्यार्थी हजर नसतील तर तुकडी बंद! बंद झाली तर मी दुसरी शाळा शोधेन. मुलींनी काय शोधायचं? मुलांच्या वर्गात बसायला इथले आईबाप त्यांना धाडणार नाहीत. त्या घरी बसतील, आणि वैशाखात बोहल्यावर उभ्या राहतील.

हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई तिथे मजा मारायला जाते!

*

आमचे हेडमास्तर नाना. धोतर, काळी टोपी, आणि दर वाक्याच्या सुरुवातीला ‘आमच्या वेळी’. फळ्याला लावायचा काळा रंग आणणं बंद झालं तेव्हा नानांना आनंदच झाला.

“आमच्या वेळी रंग कुठे होता, बाई? टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी पूड घ्यायची, पाण्यात कालवायची, फासायची. फळा कसा चमकतो बघा!”

प्रत्येक मुलानं घरून एक जुना सेल आणायचा असा हुकूम निघाला. तीन दिवसांत डबा भरला. आमचे शिपाई हिलालभाऊ यांनी दगडानं सगळे सेल फोडले, आणि पाचवीचा फळा खरोखरच काळाकुट्ट झाला.

संध्याकाळी आबा आले. आबा म्हणजे गावचे सरपंच, आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या कपाशीचे मालक. तिन्ही आबा एकाच वेळी संतापले होते. काखेत पंचायतीचा रेडिओ होता.

“नाना! गावना रेडिओ मुका व्हई गया! चार नवे सेल होते!”

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. पंचायतीचे चारही सेल तिथे वाळत होते.

“आता बातम्या कशा कळायच्या मला?”

नाना शांतपणे म्हणाले, “मी लिहून देतो, आबा. त्याच फळ्यावर.”

आणि महिनाभर लिहिल्या! परवाचं वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन, सुंदर वळणदार अक्षरात. आबा रोज सकाळी पाचवीत येऊन बोट फिरवत वाचायचे. पहिल्या तासाला गणिताचे सर दारात उभे असायचे, आणि मॉनिटर आतून हात करायचा, “थांबा सर, आबा अजून दिल्लीतच आहेत!”

*

शाळेचं घड्याळ बंद पडलं. दुरुस्तीचा खर्च नामंजूर. हिलालभाऊ म्हणाले, “घड्याळ कशाला पाहिजे? मी गाड्यांवर घंटा देतो.”

आमच्या समोरूनच एसटी जाते. जळगावची गाडी गेली की पहिला तास संपला, चाळीसगावची आली की मधली सुट्टी, धुळ्याची गेली की शाळा सुटली. दोन आठवडे हे इतकं छान चाललं की नानांनी मला ऐकवलं, “बघा, तुमच्या सायन्सशिवाय!”

मग एका बुधवारी धुळ्याची गाडी आलीच नाही.

इतिहासाचा तास चालू होता. शिवाजीमहाराज आग्र्याला पोचले, पेटाऱ्यात बसले, निसटले, रायगडावर आले, राज्याभिषेक झाला, तरी घंटा नाही. सर पेशवाईत शिरले. ऊन उतरलं. गावातून आया यायला लागल्या. मी हिलालभाऊंकडे धावले.

“अहो, घंटा द्या ना!”

“गाडी कुठे आली, बाई?”

“गाडी बंद पडली असेल कुठेतरी!”

“मग तसं कळू द्या ना डेपोकडून,” हिलालभाऊ म्हणाले. “मी माझ्या मनानं शाळा सोडणारा कोण?”

त्या दिवशी आठवी ‘अ’नं पानिपत पाहिलं!

*

ड्रिलच्या मास्तरांची जागा रद्द झाली. ड्रिल चित्रकलेच्या बोरसे सरांच्या गळ्यात. वय पंचावन्न, चष्मा जाड, आयुष्यात कधी शिट्टी वाजवलेली नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना चार रांगांत उभं केलं, दूर जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटला, हातातली पेन्सिल पुढे धरली आणि खूप वेळ तसेच राहिले. आम्हाला वाटलं, सरांना चक्कर येतेय.

मग ते ओरडले, “मागच्या रांगेतला तो तिसरा मुलगा! तू पुढच्यापेक्षा मोठा दिसतोस! मागे जा! अजून मागे!”

तो बिचारा मागे जात जात मैदानाच्या बाहेर, बाभळीजवळ पोचला.

“आता बरोबर,” सर म्हणाले. “विश्राम!”

*

नकाशाचं सांगते. आमचा भारताचा नकाशा इतका जुना की त्यात धुळे-जळगावच्या जागी पश्चिम खानदेश आणि पूर्व खानदेश आहे, आणि शेजारी बांगलादेशाचा पत्ताच नाही. नवा मागवला तर उत्तर आलं, तरतूद नाही.

मी नानांना म्हटलं, “निदान तेलरंगानं सीमा तरी दुरुस्त करून घेऊ.”

नानांनी मला खडू दिला. “यानं काढा, बाई.”

“खडूनं? पुसल्या जातील!”

“म्हणूनच,” नाना म्हणाले. “माझ्या नोकरीत तीनदा बदलल्या.”

या माणसाशी भांडायचं तरी कसं?

*

माझ्या विषयाचं दुःख मी हसत सांगते, कारण रडून झालंय. प्रयोगशाळेसाठी वर्षभर एक पैसा मिळाला नाही. स्पिरिटचा दिवा आहे, स्पिरिट नाही. स्टँड आहेत, परीक्षानळ्या फुटल्या. एक उरली होती, ती नानांनी देव्हाऱ्यातल्या देवासारखी कपाटात कुलूप लावून ठेवली. वापरली तर फुटेल म्हणून!

शेवटी मी रिकाम्या टेबलापाशी उभी राहून शिकवायला लागले. “समजा, हा दिवा. समजा, ही परीक्षानळी. समजा, आपण हिच्यात जस्ताचे तुकडे टाकले आणि वरून आम्ल ओतलं.” मी हवेत ओतायची, मुली हवेत बुडबुडे बघायच्या. इंदू नावाची एक मुलगी तर दरवेळी नाकाला रुमाल लावायची!

सहामाहीला प्रश्न घातला : हायड्रोजन तयार करण्याच्या प्रयोगाचं वर्णन करा.

इंदूनं लिहिलं : ‘समजा मी परीक्षानळी घेतली. समजा तिच्यात जस्त टाकले. समजा बुडबुडे आले. समजा पेटती काडी धरली तेव्हा फट्ट आवाज झाला.’ आणि खाली, नीट रेघ मारून : ‘बाई, समजा मी पास झाले.’

पूर्ण मार्क दिले. पेपर नानांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर सरकवली.

*

आता तपासणीचं.

शिक्षण खात्याच्या साहेबांचं पत्र आलं : गुरुवारी येतो. दिवस वेचणीचे. गावभर कापूस फुटलेला, आणि आठवी ‘ब’ रिकामी. नानांनी मला ऑफिसात बोलावलं.

“बाई, सातवीतल्या उंच उंच मुली निवडा. गुरुवारी ‘ब’मध्ये बसवू. आमच्या वेळी असंच...”

“खोट्या मुली मी बसवणार नाही!”

“मग खऱ्या आणा,” नाना म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी घरोघर हिंडले. बहुतेक आयांचं एकच उत्तर. “गुरुवारले धाडू, बाई. बुधवारलोंग आबाकडे वेचनी शे.”

म्हणजे शाळेच्या मुली शाळेच्या अध्यक्षांच्याच शेतात! मी तडक आबांच्या ओट्यावर गेले. “आबा, आजपासून मुली सोडा. तुकडी बंद पडेल.”

“कापूस थांबत नाही, बाई. शाळा काय, उद्याही राहील.”

“राहणार नाही, हेच तर सांगायला आलेय!”

“तरणं रक्त!” आबा हसले. “गुरुवारी सोडतो म्हटलं ना?”

मंगळवारी सकाळी शाळेसमोर एक ट्रक थांबला. कापूस भरायला गावात येणारा रिकामा ट्रक. मागच्या फळीवरून एक गृहस्थ उतरले. कोट, टाय, आणि भुवयांपासून बुटांपर्यंत कापसाचे तंतू. नानांनी ओळखलं आणि टोपी सरळ केली.

“साहेब! पत्रात गुरुवार होता.”

“प्रवासभत्ता कापलाय,” साहेब म्हणाले. “ट्रक आज येत होता.”

चहासुद्धा न घेता ते थेट आठवी ‘ब’मध्ये शिरले. पहिल्या बाकावर एकच मुलगी. मंगला, आबांची नात. पाटलाच्या घरची पोर वेचायला जात नाही, असा आबांचा नियम. म्हणून ती एकटी रोज वर्गात. ती उभी राहिली आणि एकटीनंच सगळ्या वर्गाच्या आवाजात “नमस्ते!” म्हणाली.

“बाकीच्या कुठे?”

नाना छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, “शेतात आहेत. चला, दाखवते.”

नानांनी मला डोळ्यांनीच गिळलं. पण साहेब निघाले. मागे नाना, आणि हजेरीपुस्तक घेऊन हिलालभाऊ. आबांचं शेत शाळेपासून दोन शेतं सोडून. तो ट्रक आता तिथेच उभा होता, अर्धा भरलेला. आबा बांधावर निंबाखाली बसले होते. साहेबांना बघून ते उठले, आणि उठून काय करायचं हे न कळून पुन्हा बसले.

मी बांधावर उभी राहिले आणि पहिलं नाव पुकारलं.

कपाशीतून एक डोकं वर आलं. “हजर, बाई!”

दुसरं नाव. पार तिकडच्या टोकाला दुसरं डोकं. “हजर!”

मग सगळीकडून हाका यायला लागल्या. पोटाला बांधलेल्या झोळ्या फुगलेल्या, केसांत कापूस, आणि आवाज असे खणखणीत की वर्गात कधी आले नाहीत! काही नावांना उत्तर आलं नाही. त्या दुसऱ्यांच्या शेतात होत्या. साहेब बोटांवर मोजत होते.

“एकोणतीस.”

“आणि एक वर्गात बसलीय, साहेब!” मी म्हटलं. “तीस झाल्या!”

“दोन ठिकाणची हजेरी बेरजेत धरता येत नाही, बाई. तुकडी एका जागी हवी.”

साहेबांनी हजेरीपुस्तक स्वतःच्या हातात घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि आबांकडे वळले.

“अध्यक्षमहाराज, तुम्हीच सांगा. एकतर या एकोणतीस जणींना आत्ता शाळेत पाठवा, नाहीतर ती एक इथे आणा. जिकडे तीस, तिकडे वर्ग.”

“मन्ही नात वर्गमा बठेल शे!” आबा उसळले. “ती एकटीच तर खरी हजर आहे!”

“वर्ग इथे भरलाय. सध्या ती गैरहजर आहे.”

आबांनी अर्ध्या भरलेल्या ट्रककडे पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एकोणतीस मुली हात झोळीत तसेच ठेवून आबांकडे बघत उभ्या होत्या. नानासुद्धा आता आबांकडे बघत होते. साहेबांचं पेन कागदाच्या बोटभर वर थांबलेलं.

शेवटी आबा जमिनीकडे बघत म्हणाले, “हिलाल, मंगलाले लई ये.”

हिलालभाऊ पळाले. आम्ही सगळे शाळेच्या वाटेकडे बघत राहिलो. मग धुळीतून मंगला येताना दिसली. खांद्यावर दप्तर, एका हातात वही, दुसऱ्या हातानं परकर वर धरलेला. ती बांधावरून उडी मारून सरळ कपाशीत शिरली, इंदूच्या शेजारची ओळ धरली, दम खात उभी राहिली आणि हात वर केला.

“हजर, बाई! कोनता तास चालू शे?”