डॅन्यूबच्या पावसात विहीणबाई

लेकीला दिवस गेले तेव्हा आम्ही सगळे अमेरिकेतच, पण तीन टोकांना: ती आणि जावई फ्रिस्कोला, मी कॅरीला आणि विहीणबाई ट्रॉयला. दोन्ही होणाऱ्या आज्या विमानाच्या अंतरावर. बाळ यायच्या आधी दोघींनी जरा हिंडून यावं, असं मुलांच्या मनात आलं. त्यांनी डॅन्यूब नदीवरच्या बोटीची सहल बुक केली आणि आम्हाला एकाच केबिनमध्ये कोंबलं. दोघींच्या नवऱ्यांनी क्रिकेटचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं.

तेव्हा मी साठीला टेकले होते, पण स्वतःला फार मुत्सद्दी समजायचे. निघायच्या आधी विहीणबाईंचा फोन आला होता, बाळंतपणाचं कसं करायचं म्हणून. खरं तर लेकीपाशी जायला मी केव्हाची एका पायावर तयार होते. एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण. पण मी शहाणी काय म्हणाले? "छे हो, तुम्ही अनुभवी, तुम्हीच करा. मी काय, येईन नंतर." आता पलीकडून "नाही नाही, पहिलं बाळंतपण माहेरचंच" असं येणार, मग मी थोडे आढेवेढे घेणार आणि शेवटी नाइलाज झाल्यासारखं हो म्हणणार, असा माझा बेत होता. आमच्याकडे असंच चालतं. विहीणबाई नागपूरच्या. त्या म्हणाल्या, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. चार दिवसांनी लेकीकडून कळलं, त्यांनी डिंक मागवला.

बोटीवर मी रोज ठरवायची, आज बोलायचं. रोज नाश्त्याला त्या अळीव कुठे चांगले मिळतात ते सांगायच्या आणि मी मान डोलवायची.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. गावातून पायी फेरी होती. उतरताना बोटीवरची मुलगी प्रत्येकाला मोठी लाल छत्री देत होती. मी माझी परत केली. "दोन कशाला? एकीत मावू की," म्हटलं. बाहेर पडल्यावर म्हटलं, "तुम्ही घ्या हो नीट, मी भिजले तरी चालेल." विहीणबाईंनी छत्री नीट घेतली. त्या कोरड्या चालत होत्या आणि माझ्या डाव्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत चाललं होतं.

गाइडचं बोलणं ऐकायला कानात यंत्र दिलेलं होतं. ते आधी खरखरलं, मग गप्प झालं. मला वाटलं, विहीणबाईंचं चालू असेल. पुढे लाल छत्र्या दिसत होत्या, त्यांच्यामागे आम्ही दगडी गल्ल्यांतून बरंच चाललो. एका चौकात छत्र्या थांबल्या, माणसं वळली, तर एकही चेहरा ओळखीचा नाही. दुसऱ्याच कुठल्या बोटीची मंडळी, जर्मन बोलणारी.

"मी तर कानात घातलंच नव्हतं. तुमचं यंत्र बंद होतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"मघापासून."

"मग बोलल्या का नाही?"

"म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

समोर चर्च होतं, तिथे शिरलो. आत कोणी नव्हतं. बाकावर बसून मी मोजे काढून पिळले. त्यांनी पर्समधून दशम्या काढल्या, निम्म्या मला दिल्या आणि म्हणाल्या, "तर मी काय म्हणून राहिले होते, शेक द्यायला तिकडे शेगडी कुठे मिळणार? हीटिंग पॅडच घेऊन जाते."

तोंडात दशमीचा घास, पाय गारठलेले. मुत्सद्देगिरी मोज्यांबरोबरच पिळून निघाली असावी.

"मी फोनवर तुम्हीच करा म्हटलं होतं ना," मी म्हटलं, "ते मनापासून नव्हतं."

"मग कशापासून होतं?"

"तसं म्हणायचं असतं."

"अन् मी काय म्हणायचं असतं?"

"नाही नाही, माहेरचा मान, असं."

"हे मला कोण सांगणार होतं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, तुम्हाला नको आहे. मनात म्हटलं, कशी आई आहे ही."

हे मला लागलं. पुढचं जास्त लागलं. त्या खिडकीच्या रंगीत काचांकडे बघत म्हणाल्या, "मला दोन्ही मुलगेच. मोठ्या सुनेचं तिच्या आईने केलं. मी आपली बारशाला पाहुणी. या वेळी तुम्ही स्वतःहून म्हणालात, तर मला इतका आनंद झाला होता." मग म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमची लेक आहे, तिला आईच लागेल. तुम्ही जा."

माझ्या जिभेच्या टोकावर लगेच आलं, "छे हो, तुम्हीच." साठ वर्षांची सवय. मी दशमीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि तो संपेपर्यंत विचार केला.

"मी जाते," मी म्हटलं. "पण तुम्हीही या. बारशाला नाही, आधीच या. लेकीचं मी बघते, बाळाची अंघोळ तुमच्याकडे."

"हे खरं म्हणता, की म्हणायचं असतं म्हणून?"

"खरं."

"मग मी तिकीट काढते," त्या म्हणाल्या. आणि बोटीवर परतल्याबरोबर, ओल्या बुटांनीच, काढलं.

बाळ आल्यावर फ्रिस्कोच्या बाथटबमध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवून विहीणबाई बसल्या, पाय लांब केले आणि नातवाला पायांवर घेतलं. लेक दारातून सांगत होती, "मम्मीज, नो ऑइल इन द इअर्स, प्लीज." आदल्या दिवशी त्यांना प्रवासाच्या शिणाने झोप लागली होती म्हणून मी अंघोळ घालून पाहिली होती, तर पठ्ठ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांच्या पायांवर मात्र तो डोळे मिटून पडला होता.

"मला हेवा वाटतोय तुमचा," मी टॉवेल धरून म्हटलं.

"वाटणारच," त्या म्हणाल्या. "या इकडे, शिकवते. आधी बाह्या वर करा."