तांडेल आणि माझे कुरव

तांडेल कुठलाही पक्षी ओळखायचे ते चालीवरून. माझ्या गळ्यात महागडी दुर्बीण, हातात पुस्तक. पण कळंबच्या किनाऱ्यावर माझं पान उलटेपर्यंत त्यांचं सांगून झालेलं असायचं. "धावतं नि थांबतं, घरात काय इसरलं ते आठवतं, तो चिखल्या. बूड हलवीत फिरतं, तो तुतवार." पूर्वी ते मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, होते. बोट विकली, तरी हुकूम सोडायची सवय गेली नव्हती.

मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधली, शाळेत मराठी शिकवणारी. पहिल्याच दिवशी त्यांच्या 'पानी'चं मी 'पाणी' करून दिलं. ते हसले. "तू म्हन तसं, बाय. आमचं पानी तेवढंच खारट हाय." मी ओशाळले, पण गट्टी तिथूनच जमली. दर रविवारी सकाळी आम्ही सुरूच्या झाडांखाली बसू लागलो.

मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. "बाय, काय हाय?" ते विचारायचे आणि मी दिसेल ते सांगायचे. गेल्या वर्षी दिवाळी सरली तसा त्यांचा एकच प्रश्न उरला: कुरव आले का? थंडीत उतरणारे हे पांढरे समुद्रपक्षी त्यांनी जन्मभर बोटीवरून पाहिलेले. "ते आले की वरीस नीट जातं," म्हणायचे. मी "नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. एका रविवारी मला ते बघवेना. म्हटलं, "आले, तांडेल! वाळूच्या दांड्यावर शंभर तरी बसलेत."

ते जरा वेळ कान देऊन बसले. "पानी सुरूच्या मुळाशी वाजतंय. भरती हाय. दांडा बुडालाय. मंग बसले कशावर?"

मी मान खाली घातली. इतकी वर्षं किनाऱ्यावर काढून, समोरची भरती न बघता थाप मारणारी मीच! ते रागावले असते तर बरं झालं असतं. नेहमीसारखा माझा हात धरून ते घरी निघाले. त्यानंतर "काय हाय?" हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

पुढच्याच रविवारी कुरव आले. ओहोटी होती, सगळा दांडा पांढरा झालेला. मतलई वारा सुटला होता, त्यामुळे त्यांचा आवाज समुद्राकडेच जात होता. मी तांडेलांचा दंड धरून ओरडले, "आले! खरंच आले!"

"असतील, बाय," ते म्हणाले. माझं मन राखायला म्हणाले.

पौषात तांडेल गेले. त्यांच्या लेखी त्या वर्षी कुरव आलेच नाहीत, आणि ते माझ्यामुळे.