बिरवाडीच्या रस्त्यावरचा चढता आवाज

बस ताशी अकरा किलोमीटर वेगाने चालली होती आणि तिच्यासमोर पंचवीस फुटांवर एक बाई आकाशाकडे बघत उभी होती.

ड्रायव्हर सकपाळ यांनी ब्रेक लावला. बस थांबली. बाई तशीच उभी. तिची मान डावीकडे, कारखान्यांच्या पत्र्यांच्या वर वळलेली होती. मग तिची नजर खाली आली, बसवर पडली, आणि ती एकदम मागे सरकली. सकपाळ पोलादपूरकडचे. बाई त्यांच्याच गावची. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सुनंदे, वर काय बघतेस गो? बस खाली हाय."

"तुझी बस हाय होय," ती म्हणाली. "जीव गेला माझा."

एवढं बोलून ती फॅक्टरीच्या गेटकडे निघून गेली. मी पहिल्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्या सकाळी बिरवाडी ते एमआयडीसी एवढ्याशा अंतरात आणखी तिघे जण असेच रस्त्यात थांबले. चौघांनीही वर पाहिलं. बसकडे आधी कोणीही पाहिलं नाही.

माझं काम गाड्यांच्या आवाजाचं आहे. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नसतं. वेग वाढला की टायरचा आवाज येतो, पण ताशी वीस किलोमीटरच्या खाली ती जवळजवळ मुकी असते. पायी चालणाऱ्याला ती मागून आलेली कळत नाही. म्हणून पुढच्या बंपरखाली एक स्पीकर बसवतात आणि त्यातून कृत्रिम आवाज सोडतात. वेग वाढतो तसा हा आवाज चढत जातो. गाडी निघाली, जवळ आली, हे त्या चढावरून कानाला समजतं. वीसच्या वर वेग गेला की स्पीकर आपोआप बंद होतो. आमच्या बसचा आवाज पुण्यातल्या लॅबमध्ये तयार झाला होता. घुमणारा, स्वच्छ, खालून वर जाणारा. टेस्टमध्ये तो पास झाला होता. ऐकणाऱ्या बहुतेकांनी त्याला 'आधुनिक' म्हटलं होतं.

कामगारांची ने-आण करणारी ही पहिली इलेक्ट्रिक बस महाडच्या इकबालभाईंनी घेतली होती. पोलादपूरहून निघून महाड, बिरवाडी आणि पुढे एमआयडीसी असा तिचा मार्ग. दहाच दिवसांत त्यांची तक्रार आली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं.

"साहेब, हॉर्न दिला की लोक पळतात. तुमच्या आवाजाला थांबतात. हा आवाज आहे की सलाम?"

मी पुण्याला माझे बॉस जोगळेकर सर यांना फोन केला. त्यांचं निदान तयार होतं. आवाज कमी पडतोय, तीन डेसिबल वाढव.

"सर, आवाज ऐकू येतोय. ऐकूनच थांबतायत."

"ऐकू येतोय ना? मग स्पेसिफिकेशन पूर्ण झालं. तरी तीन वाढव."

मी तीन वाढवले. दुसऱ्या दिवशी थांबणाऱ्यांची संख्या वाढली. एक जण पळाला, तो रस्ता ओलांडून थेट बससमोरून. सकपाळ यांनी ब्रेक दाबला तेव्हा बस आणि त्याच्यात हातभर अंतर राहिलं होतं. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि दोन मिनिटं स्टिअरिंगवरून हात काढले नाहीत.

त्या दुपारी शिफ्ट सुटल्यावर मी सुनंदा मोरे यांना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. त्या पॅकिंगमध्ये काम करतात आणि बिरवाडीत खोली घेऊन राहतात. वर काय बघता, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे परगावचा माणूस बघावा तसं पाहिलं.

"पिशवी बघतो. वाऱ्याची."

त्यांनी बोट दाखवलं. शेडच्या वर एका खांबाला भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी लोंबत होती. वारा असला की ती फुगते आणि वाऱ्याच्या दिशेने आडवी होते. मी तिथून पंधरा वेळा गेलो होतो. मला ती दिसली नव्हती.

पुढचं त्याच फॅक्टरीच्या सेफ्टी ऑफिसर कदम मॅडम यांनी समजावलं. इथे रसायनांचे कारखाने आहेत. वायुगळती झाली तर सायरन वाजतो. सायरन वाजला की काय करायचं, हे आत काम करणाऱ्यांना आणि रस्त्याकडेच्या वस्तीलाही ड्रिल घेऊन शिकवलेलं आहे. आधी पिशवी बघायची. मग वाऱ्याला आडवं चालायचं, म्हणजे वायूच्या वाटेतून बाहेर पडता येतं. खड्ड्यात, गटारात, सखल जागी उतरायचं नाही, कारण यातले बरेचसे वायू हवेपेक्षा जड असतात आणि खाली साचतात.

त्यांच्या फोनवर सायरनचं रेकॉर्डिंग होतं. सायरन एकदम पूर्ण आवाजात वाजत नाही. आतली चकती हळूहळू वेग घेते, तसा आवाज खालून वर चढतो. दुरून ऐकलं तर सुरुवातीला तो मोठाही वाटत नाही. मी ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं आणि शेजारी बसचा आवाज लावला. पडद्यावर दोन रेषा चढत गेल्या. पहिल्या भागात त्या एकमेकींवर होत्या. बसची रेषा वीस किलोमीटरला तुटत होती. सायरनची पुढे वर जात होती.

मी ऑफिसमध्ये ऐकलेलं सांगितलं की दोन आठवड्यांत लोकांना या आवाजाची सवय होईल.

"होईल ना," मॅडम म्हणाल्या. "मला त्याचीच भीती आहे."

त्यांचा मुद्दा सरळ होता. आज लोक बसला सायरन समजतात. उद्या सायरनला बस समजतील.

त्याच संध्याकाळी मी, पुढे वर पाठवण्यासाठी, जोगळेकर सरांना मेल लिहिला. पहिल्या तीन परिच्छेदांत मोजमापं, चौथ्यात मॅडमचा मुद्दा. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. तीन परिच्छेद छान आहेत, चौथा काढ. तो अंदाज आहे, मोजमाप नाही. हाच आवाज पुढच्या सगळ्या बसना लागणार आहे. तो बदलायचा तर टेस्टिंग पुन्हा पहिल्यापासून.

"तुझ्याकडे एका माणसाचा तरी डेटा आहे का, की तो सायरनला बस समजला?"

नव्हता. मी चौथा परिच्छेद काढला आणि मेल पुन्हा पाठवला. कदम मॅडमना मी एवढंच कळवलं की विषय वर पोचवला आहे. हे खरं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी दर दोन-तीन दिवसांनी पहिल्या शिफ्टला बसमध्ये बसून मोजणी केली. वर बघणारे कमी होत गेले. पहिल्या आठवड्याअखेर निम्मे, मग एखाद-दुसरा. तिसऱ्या आठवड्यात कोणीच नाही. आवाज चढू लागला की लोक डावीकडे सरकायचे. सकपाळ खूश होते. "आता कसे शहाण्यासारखे कडेला होतात," ते म्हणायचे. पुण्यातही समाधान होतं. माझ्या तक्त्यात हिरव्या रंगाची घरं वाढत होती.

एका सकाळी सुनंदाताई पुढे चालत होत्या. आवाज चढला. त्यांनी मागे पाहिलं नाही, वर पाहिलं नाही, शेजारणीशी चाललेलं बोलणंही थांबवलं नाही. पाय मात्र आपोआप डावीकडे गेले आणि बस पुढे जाईपर्यंत त्या कडेला थांबून राहिल्या. तक्त्यात मी 'योग्य प्रतिसाद' लिहिलं. लिहिताना कदम मॅडमचं 'मला त्याचीच भीती आहे' आठवलं. ते घर मी तरीही हिरवं केलं.

तक्रार बंद करण्याचा दिवस ठरला. त्या सकाळी शेवटचं रेकॉर्डिंग घ्यायचं होतं. बस रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीच्या अलीकडे उभी होती. मेन स्विच बंद. सकपाळ खाली उतरून चहा पीत होते, चावी त्यांच्या हातात. मी बसच्या पायरीवर बसून मायक्रोफोन लावला आणि रेकॉर्डर सुरू केला. पहिल्या शिफ्टचे तीस-पस्तीस लोक रस्त्याने चालत होते.

आवाज चढू लागला.

रस्त्यावरचे सगळे लोक डावीकडे सरकले. कोणी घाई केली नाही. तिथे मोरीपाशी रस्ता अरुंद आहे, कडेने पावसाळी गटार जातं. ते कोरडं होतं. बसला जागा व्हावी म्हणून पाच-सहा जण त्या गटारात उतरले. सुनंदाताई त्यांत होत्या. सगळे पाठमोरे, निवांत, वाट देऊन उभे.

मी सवयीने बसकडे पाहिलं. बस बंद होती. सकपाळ यांनीही पाहिलं, मग हातातल्या चावीकडे. मी मान वर केली. वाऱ्याची पिशवी फुगून आडवी झाली होती आणि तिचं टोक नेमकं आमच्या दिशेला होतं, म्हणजे वारा कारखान्यावरून आमच्याकडे येत होता.

मला ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते सुचेना. शेवटी मी "बस नाही, बस नाही" असं ओरडलो. त्याचा अर्थ कोणाला लागणं शक्य नव्हतं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते आणखी कडेला झाले.

सकपाळ यांनी ग्लास टाकला.

"पिशवी बघा रे! वारा बघा! सुनंदे, वर ये, वर ये गो!"

तेव्हा माना वर गेल्या. एवढ्यात सायरनही पूर्ण चढला होता. मग लोकांना सगळं आठवलं. पदर, रुमाल नाकाला लागले आणि माणसं वाऱ्याला आडवी, शेतांच्या बांधांवरून निघाली. डोळे चुरचुरू लागले. घशात तिखट, आंबूस काहीतरी गेलं. गटारातले चौघे वर आले. सुनंदाताईंचा पाय काठावरून घसरला. त्या गुडघ्यावर बसल्या आणि खोकू लागल्या. सकपाळ खाली उतरले, त्यांना दंडाला धरून वर ओढलं आणि बांधापर्यंत नेलं. मी त्यांच्यामागे पळालो. रेकॉर्डर पायरीवर चालूच राहिला.

गळती लहान होती. अ‍ॅसिडच्या लाइनवरचा एक व्हॉल्व्ह. पंधरा मिनिटांत ती बंद झाली. नऊ जणांना महाडच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. आठ जण संध्याकाळी घरी गेले. सुनंदाताईंना तीन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जोगळेकर सर पुण्याहून आले. फॅक्टरीच्या ऑफिसात बैठक झाली. त्यांचा प्रश्न अचूक होता. सायरन वाजला तेव्हा आपली बस चालू होती का? मी नाही म्हणालो. मग यात आपल्या साउंडचा संबंध काय, असं त्यांनी विचारलं. कदम मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आवाज सुरू झाल्यापासून सकपाळांच्या पहिल्या हाकेपर्यंत एकोणीस सेकंद होते. तेवढ्या वेळात कोणाच्या पळण्याचा आवाज नाही. दोन बायकांचं बोलणं ऐकू येतं, भाजीच्या भावाबद्दल. ड्रिलमध्ये हेच लोक चौथ्या सेकंदाला चालू लागायचे.

बैठकीनंतर आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. सुनंदाताईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मी विचारलं, आवाज ऐकला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

"बस येतेय वाटलं. बसला वाट दिली."

खाली पार्किंगमध्ये आल्यावर सरांनी मला तो चौथा परिच्छेद पुन्हा पाठवायला सांगितलं. माझ्याकडे पहिला मेल होता. मी दोन्ही मेल आमच्या कंपनीने नेमलेल्या चौकशीला दिले, परिच्छेद असलेला आणि नसलेला. नसलेल्या मेलखाली सही माझी होती. मला लेखी समज मिळाली. ती योग्य होती.

बसचा आवाज त्याच आठवड्यात काढला. नवा तयार होऊन पास होईपर्यंत बस उभी राहिली. नियमाला लागतो तेवढाच चढ आम्ही ठेवला आणि त्यात खडखड मिसळली, जुन्या डिझेल गाडीसारखी. इकबालभाईंनी तो ऐकला.

"एवढी महागाची गाडी घेतली," ते म्हणाले, "आणि आवाज माझ्या टेम्पोचा."

पण बस त्यांनी ठेवली. कदम मॅडमना मात्र पुढचे तीन महिने दर आठवड्याला ड्रिल घ्यावं लागलं. तीन आठवड्यांत लागलेली सवय मोडायला त्याच्या चौपट वेळ गेला. सुनंदाताई कामावर परतल्या, त्यांचा खोकला अजून पूर्ण गेलेला नाही. सुरुवातीच्या काही ड्रिलमध्ये त्यांचं पाऊल आधी डावीकडेच पडत होतं.

आमच्या कामात आवाज बसवण्याआधी एक फॉर्म भरतात. रस्त्याची रुंदी, वर्दळ, शाळा, दवाखाना, अशी माहिती त्यात असते. बिरवाडीनंतर त्यात एक रकाना वाढवला: या परिसरात आधीपासून कोणता आवाज कशासाठी वाजतो, आणि तो ऐकून लोक काय करतात? हा रकाना भरायचा तर गाडीतून उतरून माणसांना विचारावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फॉर्ममध्ये तिथे 'लागू नाही' असं लिहिलेलं असतं. ते फॉर्म मी परत पाठवतो.