डब्यावरून उतरणारा गळा

आमच्या बुधवारच्या विणकाम ग्रुपमध्ये लोकरीपेक्षा किस्सेच जास्त साठतात. दुपारी सदाशिव पेठेत कुमुदकाकूंच्या हॉलमध्ये आम्ही सुया घेऊन बसतो. विणून कमी होतं, उसवून जास्त. उसवण्यातला मोठा वाटा माझा.

*

मी तिथे गेले ते ईराच्या स्वेटरसाठी. लेक अडीच वर्षांची. व्हिडिओ बघून विणलेला पहिला स्वेटर तिच्या कानांशी अडकला. आत ती रडतेय, बाहेर मी. तेव्हापासून डोक्यावरून काही घालायचं म्हटलं की ती पलंगाखाली. थंडी तोंडावर आलेली, आणि पोरीला स्वेटरची धास्ती लावणारी आई म्हणजे मी.

*

काकूंनी तो गळा हातात घेतला. एक सुलट, एक उलट अशी गळ्याची रिब ताणून बघितली. रिब ताणली गेली, वरची कड जागची हलेना.

"विणलंयस छान," काकू म्हणाल्या. मी खूश.

"फक्त टाके बंद करताना कोणाचा राग आला होता?"

*

काकूंचा नियम आहे. लहान मुलाचा गळा आधी त्यांच्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यावरून चढून उतरला पाहिजे, मगच मुलाच्या डोक्यावर. माझा दुसरा स्वेटर मी जोर लावून चढवला. उतरेना. डबा झाकणासकट आत.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी काकांनी त्या डब्याकडे बघून विचारलं म्हणे, "पोह्यांना बरं नाहीये का?" आणि मुकाट उपमा खाल्ला.

*

स्वाती आमची अमरावतीची, आयटीतली. ऑफिसची मीटिंग म्यूट करून विणते. काकूंनी दाखवलेली पद्धत ती मला समजावत होती: कड बंद करायला एक नंबर जाड सुई घे, दोन टाके एकत्र विण, झालेला टाका परत डाव्या सुईवर, पुन्हा दोन एकत्र.

"आणि ओढू नको गं एवढं. पोट्टीला श्वास घेऊ दे!"

म्यूट करायचं राहिलं होतं. पलीकडून मॅनेजर शांतपणे म्हणाले, "नोटेड."

*

तिसरा स्वेटर डब्यावरून अलगद उतरला. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या बुधवारी ईराला घेऊन गेले आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे स्वेटर नुसता सतरंजीवर ठेवला. सगळ्या आपापलं विणत राहिल्या.

बऱ्याच वेळाने तिने तो उचलला आणि स्वतःच डोकं आत घातलं. कानांशी थांबली. सगळ्यांच्या सुया थांबल्या. मी उठणार, तोच काकूंनी माझं मनगट धरलं.

"हिलाही ओढू नकोस."

आधी केस आले, मग नाक, मग अख्खी ईरा. तिने आमच्याकडे बघितलं, तितक्याच सहज स्वेटर काढला आणि तो घेऊन स्वयंपाकघरात गेली.

आम्ही मागोमाग. पोह्यांच्या डब्याला गळ्यापर्यंत स्वेटर घालून ती त्याला थोपटत होती.

काका दारात चहाचा कप घेऊन उभे. हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे उद्याही उपमाच."