ओट्यावरचे नऊशे चेहरे

सबूरची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. पासपोर्टसाठी फोटो हवा होता म्हणून त्याच्या स्टुडिओत शिरलो. स्टुलावर बसलो, हनुवटी वर केली, क्लिक झालं. "सबूर," असं म्हणून तो संगणकाकडे वळला आणि मी बाकावर टेकलो. बाकावर आधीच तिघं होते. त्यातले एक गृहस्थ नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आले होते आणि बसल्या जागी निवृत्त झाले, असं गल्लीत सांगतात. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीलाही लाज वाटेल अशा बेताने सरकत होती. शेवटी फोटो हातात पडला. पासपोर्ट कचेरीतल्या साहेबाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलगा स्वतः नाही आला?"

खरं सांगायचं तर चाळीस मिनिटं लागली होती. पण सबूरच्या बाकावरची चाळीस मिनिटं इतर घड्याळांत मोजता येत नसत.

तो 'सबूर'शिवाय दुसरं काही बोलत नसे, म्हणून तेच त्याचं नाव पडलं. कपाळावर चष्मा, खिशात गिऱ्हाइकांसाठी कंगवा. काम मात्र सोन्यासारखं. एखाद्या काकूंना अदबीने विचारायचा, "गालावरचा तीळ ठेवू की काढू?"

"आईकडून आलाय तो. राहू दे."

"राहिला." आणि तीळ टाळून भोवतालच्या सुरकुत्या तो अशा हलक्या हाताने काढी, की काकू घरी जाऊन आरशावर रागवत.

दुकान होतं दादांच्या नावावर. दादा म्हणजे त्याचे थोरले भाऊ. वीज कंपनीत मीटर वाचण्यात त्यांची हयात गेली. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांच्या पोटात कळ येई. समोर पाच मिनिटांत फोटो देणारं दुकान निघालं, तसे दादा एक दिवस बाकासमोर उभे राहिले.

"शाळेच्या ओळखपत्रांचं काम मी मुख्याध्यापिका बाईंकडून मागून आणलंय. नऊशे फोटो. शनिवारी बारा वाजता बाईंच्या टेबलावर पाहिजेत, दुपारनंतर शाळेला सुट्टी लागते. जमलं तर दुकान तुझं. नाही तर मोबाइलची कव्हरं विकणारा रोज माझं दार वाजवतोय."

"दादा, सबूर..."

"शनिवार बारा."

जुन्या वेगाने हे काम पुढच्या पिढीकडे गेलं असतं. सबूर दोन रात्री झोपला नाही आणि तिसऱ्या दिवशी मला भर रस्त्यात अडवून म्हणाला, "सापडलं! दोष माझा नाही, हार्ड डिस्कचा आहे."

"दोष नेहमी गैरहजर माणसाचाच असतो," मी म्हणालो.

"ऐका तरी. हार्ड डिस्क म्हणजे माळा. एक फोटो करायचा तर चार वेळा शिडी लावा, डबा काढा, परत ठेवा. खरखर, खरखर. आणि रॅम म्हणजे ओटा. हाताशी! मी आणखी रॅम घेतली आणि तिच्यातल्याच एका भागाची डिस्क केली. आता सगळे फोटो ओट्यावर. शिडीच नाही!"

मला दुकानात नेऊन त्याने पडदा दाखवला. त्या डिस्कला नावसुद्धा 'ओटा' असंच दिलं होतं. सबूरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "ओटा झाकपाक करताना त्यावरचं सगळं उचलून ठेवावं लागतं हो. इथे कोण ठेवणार?"

"वीज असेपर्यंत काही जात नाही. शेवटी एकदा माळ्यावर चढवलं की झालं."

"आमच्याकडे ते 'शेवटी एकदा' कधी येत नाही, म्हणून विचारलं."

तीन दिवस सबूर शाळेत फोटो काढत होता. कॅमेऱ्याचं कार्ड इतकं जुनं, की त्यात एका वेळी एकच वर्ग मावे. वर्ग झाला की धावत दुकानात, फोटो ओट्यावर, कार्ड रिकामं, पुढचा वर्ग. संगणक तीन दिवस अखंड चालू.

शुक्रवारी चार वाजता मी बाकावर होतो. सबूरने बटण दाबलं. चेहरे नुसते उडत गेले. पार्श्वभूमी पांढरी, उजेड सारखा, कापून चौकोनी. पट्टी सरकली नाही, झेपावली. अकरा मिनिटांत नऊशे! सबूरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता माळ्यावर चढव," मी म्हणालो.

त्याने पाहिलं. माळा म्हणत होता, चाळीस मिनिटं.

"अकरा मिनिटांत नऊशे केले आणि आता चाळीस मिनिटं थांबू? छे! आधी दादाला घेऊन येतो. त्याच्या समोर चढवू." आणि ज्या माणसाने गावाला सबुरी शिकवली तो चप्पल न घालता धावत सुटला.

तो एका गल्लीने गेला, दादा दुसऱ्या गल्लीने आले. दारात थांबून त्यांनी आत पाहिलं. खुर्ची रिकामी. पट्टी थांबलेली. पंखा फिरतोय, तीन दिवे जळताहेत.

"उद्या शनिवार आणि हा भटकतोय! आणि हे सगळं चालू कुणासाठी?"

"मी बसलोय ना," मी उठत म्हणालो.

"तुम्ही काय दिवा लावून बघण्यासारखे आहात?"

"अहो दादा, मेन स्विचला हात नका..."

खट्‌! संगणकाच्या बॅटरीचा डबा दोन वर्षांपूर्वीच मेला होता, सबूर त्यावर टोपी ठेवत असे. पडदा काळा झाला. पंखा सावकाश फिरत फिरत थांबला, सबूरच्या जुन्या वेगाने.

सबूर घामाघूम परतला तेव्हा दादा बाकावर बसले होते. संगणक पुन्हा सुरू झाला. 'ओटा' नव्हताच. सबूर दादांकडे वळला.

"पण काम चालू असतं तर मी हात लावला असता का रे?" दादा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुझं काम कायम चालूच असतं ना?"

शाळेचे शिपाईमामा फोटोला सगळ्यांत शेवटी आले होते. त्यांचा एक फोटो तेवढा कार्डात राहिला होता. शनिवारी बारा वाजता बाईंच्या टेबलावर एक ओळखपत्र पोचलं.

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.