मामांचा नसलेला फोन

नाशकात नाटक बघणारी माणसं पुष्कळ आहेत. पण नाटकाला बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बघायचं काय, कोणीही बघतं. मी स्वतः एका स्थानिक दैनिकाचा सांस्कृतिक वार्ताहर म्हणून कितीतरी वर्षं नाटकं बघितली आणि त्यांतली निम्मी बटाटेवड्याच्या रांगेतून बघितली. मामा मात्र बसायचे. डी रांग, चौदा नंबर. सत्यनारायणाला यजमान बसतो तसे, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि पडदा सरकला की श्वाससुद्धा बेतानं.

रविवारी पाचचा प्रयोग असला की मामांची तयारी सकाळपासून सुरू व्हायची. अख्खं गाव मिसळ हाणत असताना मामा मऊभात खायचे, कारण मिसळीचा ढेकर बरोबर दुसऱ्या अंकात येतो. कांजी केलेला सदरा घालायचा नाही, हललं की कुरकुरतो. चपला घरातल्या फरशीवर चालवून बघायच्या आणि करकरल्या तर बदलायच्या. रुमालाच्या घडीत खडीसाखरेचे सहा खडे असायचे. खोकल्याची गोळी त्यांना चालत नसे, कारण तिचा कागद उलगडताना, त्यांच्या शब्दांत, "गोळीबार होतो." मागच्या रांगेत कुणी वेफर्सची पिशवी उघडली की मामा मान वळवून फक्त बघायचे. बोलायचे नाहीत. ती पिशवी आपोआप मिटायची. एकदा तर एका गृहस्थांनी तोंडातला वेफर चावायचं सोडून पहिला अंक संपेपर्यंत गालात धरून ठेवल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गंमत अशी की हा माणूस सारी नोकरी टेलिफोन खात्यात होता. "आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली," ते म्हणायचे, "आता ज्यांनी पाठांतर केलंय, तेवढ्यांचीच ऐकणार." निवृत्तीनंतर महिन्याभरात त्यांनी घरचा फोन काढून टाकला आणि मोबाइल तर कधी घेतलाच नाही. मुलानं पाठवलेला एक मोबाइल मामींकडे असतो. तो वाजला की मामा आतून ओरडतात, "अगं, तुझं बाळ उठलं!"

नटांच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता: पडदा पडला की नट आपला नाही. आपल्याकडची रीत तर अगदी उलटी. पडदा पडतो आणि निम्मं नाट्यगृह रंगपटाकडे धावतं. कुणाला सेल्फी हवा, कुणाला सही, कुणाला फक्त 'जवळून कसे दिसतात' ते बघायचं. एकदा चांदवडहून आलेल्या एका बाईंनी मेकअप पुसत असलेल्या नटाला चांगलंच खडसावलं होतं, "मालिकेत सुनेला लय छळता तुम्ही. बरं दिसत नाय ते. आमच्या घरात समदे नावं ठेवत्यात तुम्हाला." आणि एवढं सुनावून द्राक्षांची पेटी त्याच्याच हातात दिली. या गर्दीत वही घेऊन सगळ्यात पुढे मी असायचो. मामा तेव्हा पंचवटीच्या वाटेला लागलेले असायचे. चालत जायचे आणि गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदावरीवरचा, पूल ओलांडेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. एका सकाळी मिसळीच्या दुकानात आदल्या दिवशीचा नायक शेजारच्याच टेबलावर येऊन बसला, तेव्हा मामांनी आपला चहा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, "मामा, अहो, ते बघा कोण!" तर म्हणाले, "म्हणूनच. त्यांना खाऊ द्या. काल दोन तास रडलेत ते."

माझ्या पेशाबद्दल त्यांना आदर नव्हता, आणि त्यात चूक माझीच होती. एकदा मुख्य नट आजारी पडल्यानं दुसऱ्यानंच ऐनवेळी भूमिका केली. मी वड्याच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी माझ्या परीक्षणात आजारी नटाच्या 'भेदक नजरे'चं भरभरून कौतुक. मामांनी ते कात्रण घरच्या गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "जावईबापूंची नजर त्याहून भेदक. मुंबईत तापानं निजलेला माणूस त्यांना नाशकात दिसतो."

तर अशा माणसाच्या शेजारच्या खुर्चीत, डी तेरावर, मी त्या रविवारी बसलो होतो. नाटकात मालिकेमुळे घराघरांत पोचलेला एक मोठा नट होता. नाव सांगत नाही. ते अजून पेपर वाचतात. त्यांच्या व्यवस्थापकानं मला प्रयोगानंतर दहा मिनिटांची मुलाखत कबूल केली होती, आणि त्या मुलाखतीवर माझं सांस्कृतिक पान टिकून होतं. संपादकांनी तसं स्पष्टच बजावलं होतं. मध्यंतरात व्यवस्थापकाला आठवण करून द्यायची होती, म्हणून मी अंदाजानं वेळ धरून मोबाइलला गजर लावला आणि मग शहाण्यासारखा फोन मूक केला. फोन मूक केला तरी गजर वाजतो, हे ज्ञान जगाला होतं. मला नव्हतं.

पहिल्या अंकाचा शेवट. नट रिकाम्या आरामखुर्चीपाशी उभा. सगळं नाट्यगृह रुमाल काढून बसलेलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आता या घरात कुणाचा आवाजच उरला नाही." आणि माझ्या खिशात कोंबडा आरवला.

एकदा नव्हे, तीनदा. लोक हसले. मी खिशावरच हात दाबून धरला, त्यामुळे चौथ्यांदा तो गुदमरून आरवला आणि लोक जास्तच हसले. नट थांबला. पुढे आला. "ज्यांचा फोन आहे त्यांनी उभं राहावं," तो म्हणाला. "त्याशिवाय पुढचं वाक्य होणार नाही." मला उठायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. डोळ्यांपुढे मुलाखत, संपादक आणि मूर्खासारखा उभा असलेला मी, असे तिघं एकदम आले. तेवढ्यात शेजारची खुर्ची हलली. मामा उभे राहिले.

"माझा," ते म्हणाले. "चूक झाली. चालू द्या."

नटानं त्यांना चांगलं पाच मिनिटं सुनावलं. वय झालं तरी समज येत नाही, रंगभूमीचा मान कसा राखतात, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि, मोबाइल बंद ठेवा असं सांगणाऱ्या त्या नटाचं शूटिंग, आपापल्या मोबाइलवर केलं. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग ते बसले आणि नाटक पुढे गेलं.

माझा नीचपणा इथं संपला असता तर मी हे लिहिलंही नसतं. प्रयोगानंतर मी मुलाखत घेतली. "त्या आजोबांची कीव येते हो," नट म्हणाला, आणि मी ते वहीत उतरवून घेतलं! तोवर क्लिप गावभर फिरली होती. संपादकांचा फोन आला, "तू तिथंच होतास ना? बातमी दे." मी दिली. 'ज्येष्ठ प्रेक्षकाच्या मोबाइलमुळे प्रयोग खोळंबला.' दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीत गेलो, तर मामा तीच बातमी वाचत होते.

"शुद्धलेखन सुधारलंय," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही का उठलात?"

"नाटक अडलं होतं. कुणीतरी 'माझा' म्हटल्याशिवाय हलणार नव्हतं. तुम्ही काही उठत नव्हता." मग चष्मा काढून म्हणाले, "पण कोंबडा कशाला लावायचा? साधी घंटा लावावी माणसानं."

त्यानंतर दोन नाटकं येऊन गेली आणि डी चौदावर भलतेच लोक बसले. विचारलं की मामा 'गुडघा' म्हणायचे. बायको म्हणाली, "मामा नाटकाला जात नाहीत म्हणजे काहीतरी मोठं झालंय." क्लिप तिनंही बघितली होती, मामींचा फोन चुकून मामांच्या खिशात राहिला असेल अशी तिची समजूत होती आणि ती मी प्रेमानं जपली होती. शेवटी एका संध्याकाळी मामाच म्हणाले, "मध्ये एकदा नाट्यगृहाच्या दारापर्यंत गेलो होतो. एक बाई वेफर्सची पिशवी घेऊन आत निघाल्या होत्या. मी बघितलं. तर त्या म्हणाल्या, 'काका, आधी तुमचा फोन बंद करा.' " ते हसले. "खरंच आहे. आता मी कुणाला गप्प बसवणार?"

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती मला काय काय म्हणाली ते इथं देत नाही; जागा कमी आहे.

तेच नाटक पुन्हा नाशकात आलं तेव्हा बायकोनं 'तिकीट काढलंय, खुर्ची रिकामी राहील' असं सांगून मामांना आणलं. रिकामी खुर्ची त्यांना सहन होत नाही. मी पहिल्या घंटेआधी रंगपटात गेलो. नट आरशासमोर, अर्धी मिशी चिकटवलेली. मी सांगून टाकलं. त्यानं आरशातूनच विचारलं, "त्यांच्याकडे मोबाइलच नाही?"

"नाही."

"आणि मी त्यांना समज शिकवत होतो." त्यानं उरलेली मिशी चिकटवली. "आज मोबाइलची सूचना तुम्ही करा."

पडद्यापुढे ध्वनिक्षेपकाशी उभा राहिलो तेव्हा गुडघे होते तसेच होते, फक्त आता बसायला खुर्ची नव्हती. म्हणालो, "मोबाइल बंद ठेवा. मागच्या वेळी इथं जो कोंबडा आरवला तो माझा होता. डी चौदावरचे गृहस्थ माझ्याऐवजी उभे राहिले. त्यांच्याकडे फोन नाही. बातमीही मीच लिहिली होती." मागून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. सगळे हसले, पण माना डी रांगेकडे वळल्या होत्या. मामा छताकडे बघत होते.

प्रयोग संपल्यावर नटानं डी रांगेकडे बघून हात जोडले आणि मामांना आत बोलावणं पाठवलं. मामा गेले नाहीत. "त्यांना म्हणावं, आवडलं," ते मला म्हणाले. "दुसऱ्या अंकात थोडी घाई झाली." पूल ओलांडेपर्यंत ते बोलले नाहीत. ओलांडल्यावर म्हणाले, "तिसरी घंटा तुमच्यामुळे चार मिनिटं उशिरा झाली."

संपादकांनी मला सांस्कृतिक पानावरून कांद्याच्या बाजारावर नेमलं. तिथं मी बरा आहे. कांद्याचं परीक्षण चुकलं तर शेतकरी लगेच सांगतात.

आता मामांचा गुडघा खरोखरच गेला आहे. नाट्यगृहाच्या पायऱ्या त्यांच्याच्यानं होत नाहीत. मी डी चौदावर बसतो, फोन घरी ठेवून, आणि सोमवारी पंचवटीत जाऊन नाटक सांगतो. वड्याच्या रांगेत उभं राहून चालत नाही, कारण ते मधलेच प्रश्न विचारतात. परवा सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं, "वाजला कुणाचा?"

"दोघांचा वाजला."

"मग थांबवलं त्यांनी?"

"नाही. आता थांबवत नाहीत, मामा. तसंच बोलत राहतात."

"आणि उभं कोण राहिलं?"

"कुणी नाही."

मामांनी रुमालातून खडीसाखरेचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला.

"मग," ते म्हणाले, "नाटक पुढं कसं गेलं?"